कोवायचं तोरण

माझा नारळ ऑकलंडच्या विमानतळावरच राहिला. सोबत आपट्याची पानं राहिली, पूजेच्या सुपाऱ्या राहिल्या आणि झेंडूच्या बियांची पुडीही राहिली. तिथली तपासनीस मुलगी मोठी गोड होती. एकेक वस्तू हळूच उचलून बाजूच्या पेटीत ठेवायची आणि दर वेळी 'सॉरी' म्हणायची. मला तिचा राग येईना, हीच पंचाईत. बी, पान, फळ, माती, बाहेरचं काही म्हणजे काही त्यांच्या देशात न्यायचं नाही. तिने ह्यांच्या बुटांचे तळवेसुद्धा पाहिले. "भुसावळ यार्डाची धूळ आहे," हे अभिमानाने म्हणाले. तिने बूट आत नेले आणि धुऊन आणून दिले.

हे म्हणजे माझे यजमान. भुसावळला यार्ड मास्तर म्हणून रिटायर झाले. भुसावळचं यार्ड आशियातलं सगळ्यात मोठं, असं ह्यांचं म्हणणं. मी कधी मोजायला गेले नाही. मी त्याच गावात शाळेत भूगोल शिकवला. न्यूझीलंडची लोकर, न्यूझीलंडचं लोणी, न्यूझीलंडचे उष्ण झरे, सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पण तिथे आपण कधी उभं राहू असं स्वप्नातही नव्हतं. आमची मेधा पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात औषधविभागात लागली आणि तिने आम्हाला नवरात्र-दिवाळीला बोलावलं. नव्वद सालानंतर घरोघरची मुलं परदेशी जाऊ लागली होती, त्यातलीच ही एक.

पामर्स्टन नॉर्थ

सपाट, आटोपशीर गाव. मध्यभागी मोठा चौक, चौकात घड्याळाचा मनोरा, आणि गावभर वारा. असा वारा की वाळत घातलेली साडी पहिल्याच दिवशी तीन घरं ओलांडून गेली आणि एका सायकलवाल्या विद्यार्थ्याने ती घडी करून दारात आणून दिली. घडी बरी नव्हती, पण केली होती. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात वसंत असतो. आपल्याकडे नवरात्रात शेतं पिवळी पडायला लागतात, तिथे गवत नुकतं हिरवं होत असतं. सकाळी जाग आली की मला क्षणभर कळायचं नाही की हे कुठलं वर्ष आणि आपण किती वर्षांच्या. ते उन्हाचं कोवळेपण माझ्या वयाला शोभणारं नव्हतं.

मेधाने ह्यांना सांगितलं, "बाबा, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणता?" हे किटली घेऊन गेले. तिथे डेअरी म्हणजे किराणा, वर्तमानपत्रं आणि गोळ्या-बिस्किटांचं दुकान. दुकानदाराने किटलीचं कौतुक केलं, दुधाची बाटली दिली आणि रिकामी किटली हातात परत दिली. मेधाने ही गोष्ट हॉस्पिटलभर सांगितली.

शेजारी रॉन राहायचा. सत्तरी ओलांडलेला, उंच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या-आमच्या मधल्या कुंपणावर एक झाड वाकलेलं होतं. त्याला अजून पानं कमीच होती, पण सगळ्या फांद्यांना पिवळीधमक फुलं लोंबत होती. नवरात्राचा पिवळा रंग मला कुठे मिळणार या चिंतेत मी, आणि तो असा कुंपणावर टांगलेला. "कोवाय," रॉनने नाव सांगितलं. त्या फुलांतला मध प्यायला एक काळा पक्षी यायचा. टुई म्हणतात त्याला. गळ्याशी पांढऱ्या पिसांचा झुबका, आणि आवाज असा की आधी बासरी, मग दाराची कडी. मी ओट्याशी उभी त्याचं गाणं ऐकत राहायची आणि दूध उतू जायचं.

नवरात्रात माझे नऊ दिवसांचे उपास असणार होते. मेधाने ते कुंपणावरून रॉनला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो टोपलीभर लांबट, लालसर कंद घेऊन आला. कुमरा. सोलून पाहिलं तर आपलं रताळं. माओरी लोकांनी होड्यांतून समुद्र ओलांडून आणलं म्हणे. त्यांना विमानतळावर कोणी अडवलं नसावं. देवीने माझी सोय केली असं मी म्हटलं. हे म्हणाले, रॉनने केली.

ह्यांची आणि रॉनची गट्टी जमायला वेळ लागला नाही. आमचं आडनाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही मिस्टर बी आणि मिसेस बी झालो. ह्यांचं इंग्रजी रेल्वेचं, त्याचं शेतकऱ्याचं. दोघे संध्याकाळी मागच्या बाकावर बसायचे. लांबून मालगाडी जायची, हे आवाजावरून डबे भरलेले की रिकामे ते सांगायचे आणि रॉन मान हलवायचा. एकदा ह्यांनी विचारलं, आपण एकदा गाडीने ऑकलंडला जाऊ या का? वाटेत डोंगराभोवती वेटोळं घालणारा रूळ आहे, तो बघायचाय. रॉन म्हणाला, "मी गाडीने जात नाही, मेट." का, ते सांगितलं नाही.

मग ते साखरेचं झालं. रॉन चहाला आला होता. ह्यांना कोणी ऐकणारा भेटला की भुसावळचं यार्ड मांडायची हुक्की येते, आणि माझ्या घरात ते आजवर गव्हावर, पत्त्यांवर, नातेवाइकांच्या लग्नातल्या अक्षतांवरसुद्धा मांडून झालं आहे. इथे ह्यांनी मेधाचे काटे-चमचे घेतले. हा अप यार्ड, हा डाऊन यार्ड, इथे डबे वेगळे करायचे, इथे गाडी बांधायची. रॉन वाकून बघत होता. मग ह्यांनी साखरेचे चौकोनी खडे घेतले आणि काट्यांच्या कडेने ओळीत लावले. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी.

"ही गोदामं," रॉन म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"छे. ही आमची घरं. रेल्वे क्वार्टर्स." ह्यांनी एका खड्यावर बोट ठेवलं. "हे आमचं. शंटिंगचा खडखडाट नसला तर आमची मेधा झोपायची नाही. जगात कुठेही जा, यार्ड असलं की कडेला क्वार्टर्स असणारच. बायका-पोरांसकट."

रॉनने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. तो त्यांच्याकडचं आभाराचं 'टा' म्हणाला, टोपी घेतली आणि गेला. पुढचे कितीतरी दिवस बाकावर आला नाही. फुलांवर टुई येत होता, रॉन येत नव्हता.

"मी काय वाईट बोललो?" हे मेधाला विचारत राहिले. शेवटी मेधाने सांगितलं.

"बाबा, रॉन सेकंड वर्ल्ड वॉरमध्ये होता. त्या मोठ्या चार इंजिनांच्या बाँबरवर. हॉस्पिटलमधल्या एका म्हाताऱ्या नर्सने मला सांगितलं. त्यांनी रेल्वे यार्ड्सवर बाँबिंग केलं होतं. तो कोणाशीच त्यावर बोलत नाही."

ह्यांनी साखरेच्या भांड्याला झाकण घातलं आणि ते फडताळात मागे सारलं. परक्या देशात माणूस एक मित्र जोडतो आणि तोही असा एका खड्याने जातो. मला ह्यांची फार दया आली. पण ह्यांच्यापेक्षा रॉनचं काय होत असेल, हा विचार मनातून जाईना. यार्डाच्या कडेची छपरं गोदामांचीच, या एका समजुतीवर त्या माणसाने आयुष्य उभं केलं असेल, तर आम्ही चहाबरोबर ती काढून घेतली होती.

अष्टमीच्या आधी रॉन आला. दारातच उभा राहिला. ऑकलंडच्या संग्रहालयात त्याच्या बाँबरच्या जातीचं एक विमान आहे, ते बघायला जायचं आहे, म्हणाला. आजवर गेलो नाही. "गाडीने जाऊ. तुम्ही दोघं याल?"

ह्यांनी मेधाला न विचारता हो म्हटलं. त्या संग्रहालयात जुनी वाफेची इंजिनंही आहेत, हे ह्यांना आधीच ठाऊक होतं, आणि खंडेनवमी तोंडावर आली होती.

गाडीत

खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. भुसावळला यार्डात इंजिनाला झेंडूच्या माळा पडायच्या, रूळ बदलायच्या दांड्यांना हळदकुंकू लागायचं, क्वार्टरांतली पोरं शंटिंगच्या इंजिनावर चढून बसायची. हे रिटायर झाले तरी दर वर्षी जायचे. यंदा न्यूझीलंडात इंजिन कुठून आणणार, म्हणून महिनाभर कुरकुर चालली होती.

दिवसाची गाडी. निळा डबा, मोठ्या खिडक्या, आणि शेवटच्या डब्याला मागे अख्खी काच, की गेलेला रूळ मागे लांबत जाताना दिसावा. हे चढले ते थेट तिकडे गेले. रॉन आणि मी समोरासमोर बसलो. रॉनने सँडविचचा डबा काढला. मी ह्यांच्यासाठी आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. रॉनने चटणी मुरांब्यासारखी चमचाभर तोंडात घातली. त्यानंतर दोन स्टेशनं तो बोलू शकला नाही. मग त्याने डब्यातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. भाजलेला कुमरा होता, अजून कोमट. माझा उपास त्याच्या लक्षात होता.

बाहेर टेकड्या होत्या, आणि टेकड्यांवर मेंढ्या, कोणी मुठीने फेकल्यासारख्या. वर बर्फाचा डोंगर आला. ज्वालामुखी आहे म्हणे, पण झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा शांत दिसत होता. गाडी उंच पुलांवरून गेली की खाली पाणी दिसायचं, आणि पाण्यावर आमची सावली. माझा डोळा लागत होता, उघडत होता. मध्ये ते वेटोळं आलं. डोंगर इतका उभा आहे की रूळ त्याच्याभोवती फिरत फिरत खाली उतरतो. खाली एक घर होतं, लाल पत्र्याचं. ते आधी उजवीकडे दिसलं, खूप खाली. मग गाडी वळली आणि तेच घर डावीकडे आलं, जरा जवळ. मग पुन्हा उजवीकडे, आता त्याचं धुराडं दिसत होतं. स्वप्नात एकच दार पुन्हा पुन्हा यावं तसं ते छप्पर वर वर येत होतं. मी रॉनला दाखवायला वळले, तर त्याने डोळे मिटून घेतले होते.

डोंगर संपला आणि टाऊमारुनुई नावाचं स्टेशन आलं. हे मागच्या डब्यातून धावत आले.

"शैला, बघ, क्वार्टर्स!"

खरंच होती. रुळाला लागून एकाच साच्यातली घरं, तेच छप्पर, तीच ओसरी, मागे तेच वेगळं छोटं छप्पर. रंग तेवढे ज्याचे त्याने दिलेले. हे लहान मुलासारखे काचेला नाक लावून उभे होते. रॉनने खिडकीकडे पाहिलं नाही. गाडी सुटली, हे पुन्हा मागे गेले, आणि मग रॉन बोलायला लागला.

"मी नाकात असायचो. विमानाच्या नाकात, काचेवर पालथा. बाँब मी सोडायचो."

रात्रीचा हल्ला होता, फ्रान्समधल्या एका यार्डावर. गावाचं नाव त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढे गेलेली विमानं लाल-हिरवे दिवे टाकून खूण करून ठेवायची आणि मागच्यांनी त्या खुणेवर बाँब टाकायचे. शेवटचा थोडा वेळ विमान त्याच्या शब्दावर चालायचं. डावीकडे, डावीकडे, जरा उजवीकडे, सरळ. बाँब सुटले की विमान हलकं होऊन वर उडी मारायचं.

"भीती वाटायची?" मी विचारलं.

"थंडी आठवते. भीती नंतर यायची, नाश्त्याच्या वेळी." त्याने सँडविचच्या डब्याचं झाकण लावलं. "त्या रात्री वाऱ्याने खुणा सरकल्या होत्या. रूळ चमकत होते आणि कडेला छपरांच्या ओळी होत्या. परत एक फेरी मारू, असं मी म्हणू शकलो असतो. पण खालून तोफा चालू होत्या आणि मागे सहा जण माझ्या शब्दाची वाट बघत होते. मी बटण दाबलं. ती छपरं मला दाबायच्या आधी दिसली की नंतर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही."

"मग?"

"परत आल्यावर गरम चहा द्यायचे आणि विचारायचे, काय पाहिलंत. मी म्हटलं, गोदामं. त्यांनी गोदामं लिहून घेतलं." तो माझ्याकडे वळला. "मिसेस बी, तुम्ही तशा घरात राहिलात. रात्री तिथे कोण असतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. रात्रपाळी असते, माणसं कामावर असतात, असं काहीतरी. समोरचा माणूस म्हातारा होता आणि त्याने माझ्यासाठी रताळं भाजून आणलं होतं. पण भूगोल शिकवलेल्या बाईला नकाशा खोटा काढता येत नाही.

"सगळे असतात," मी म्हटलं. "कामावरचा एक सोडून सगळे."

आणि मग मी त्याला माझंच सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या क्वार्टरच्या काचांना खाकी कागद चिकटवला होता. यार्डावर पहिला बाँब पडणार, असं जो तो सांगायचा. हे अंधारात ड्यूटीवर, मी छोट्या मेधाला कुशीत घेऊन जमिनीवर. वर जरा काही घरघरलं की मी त्या विमानातल्या माणसाची कल्पना करायची. त्याला चेहरा नसायचाच. नुसते दात. ते विमान काही आलं नाही, आणि लढाई संपली, कागद खरवडून काढले. पण तो माणूस माझ्या मनातून गेला नव्हता. इतक्या वर्षांनी तो समोर बसला होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलेलं.

मला त्याचा राग आला, हे लिहून टाकते. चांगला कडकडून राग आला. आणि त्याच वेळी वाटत होतं, ह्याच्या अंगावर शाल घालावी. दोन्ही एकदम कसं वाटतं हे मला सांगता येणार नाही, पण वाटत होतं.

"थँक यू," रॉन एवढंच म्हणाला. मग ऑकलंड येईपर्यंत आम्ही बाहेर बघत राहिलो. हिरव्या कुरणांवर तिरपं ऊन पडलं होतं, गाई आपापल्या लांब सावल्यांवर उभ्या होत्या.

नवमी

आम्ही अल्बनीला मेधाच्या मैत्रिणीकडे उतरलो होतो. रॉन शहरात मोटेलमध्ये. अल्बनी म्हणजे ऑकलंडच्या कडेची नव्या घरांची वस्ती, रस्त्यांना अजून डांबराचा वास. सकाळी मी ओसरीत कोवायची फुलं घेऊन बसले. रॉनने निघताना फांद्या तोडून ओल्या पंच्यात बांधून दिल्या होत्या. फुलं मऊ, पण देठाशी जाड, त्यामुळे सुई नीट जात होती. एक माळ इंजिनाला, आणि एक दसऱ्याचं तोरण, मेधाच्या दाराला. ओवता ओवता मी ह्यांना गाडीतलं सगळं सांगितलं.

हे दोरा कापून देत होते, तो द्यायचे थांबले.

"आपल्या क्वार्टरवर टाकणारा तो," शेवटी म्हणाले.

"आपल्या नाही हो. फ्रान्समधल्या."

"क्वार्टर सगळी सारखीच. मी काय वेगळी असतात म्हणून सांगू?"

मग ते आत गेले आणि बूट घालून बाहेर येऊन बसले. मला वाटलं, आज काही खरं नाही.

नारळ मात्र ऑकलंडला सहज मिळाला. एका सामोअन बाईच्या डेअरीत ढीग होता. तिने आमच्या आधी स्वतःच चार-पाच कानाशी हलवून त्यातला चांगला निवडून दिला. आमच्या गावच्या भाजीवालीने एवढं केलं नसतं.

संग्रहालयात इंजिन होतं. काळं, पितळेच्या पट्ट्यांचं, पुसून लख्ख. ह्यांचा चेहरा इतक्या तासांनी प्रथम सैल झाला. तिथे देखभाल करणारा एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ होता. ह्यांनी त्याला आमची रीत समजावली, फुलं दाखवली, कुंकवाची डबी दाखवली. त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "गो फॉर इट, मेट. ह्या म्हातारीला कोणी फुलं दिलेली नाहीत." ह्यांनी माळ घातली, हळदकुंकू लावलं, हात जोडले. नारळ आत फोडायचा नाही म्हणाला, म्हणून बाहेर पायरीवर एका फटक्यात फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्या गृहस्थाने घेतला आणि चावत चावत इंजिनाच्या बॉयलरविषयी ह्यांच्याशी बोलत बसला. रॉन जरा लांब उभा होता. ह्यांनी त्यालाही खोबरं दिलं, पण त्याच्याकडे न बघता दिलं.

विमान संग्रहालयाच्या दुसऱ्या भागात होतं. तिथे जायला जुनी ट्राम. मोठ्या बंद शेडमध्ये शिरलो आणि मी मान वर केली ती तशीच राहिली. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. काळं पोट, चार इंजिनं, आणि पुढे काचेचं नाक. वरून येणारा उजेड दुधासारखा होता आणि त्यात ते कुठेही न टेकल्यासारखं दिसत होतं. रॉन नाकाखाली जाऊन उभा राहिला आणि एकदम लहान झाला. त्याने वर हात केला, पण काचेपर्यंत पोचला नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्या पिशवीकडे हात पुढे केला.

"ती दुसरी माळ दे."

"ती दाराची आहे."

"असू दे. खंडेनवमीला हत्याराला सुट्टी असते. त्याला हात लावायचा नसतो, चालवायचं नसतं. ह्यालाही देऊ सुट्टी." ह्यांचा आवाज कोरडा होता. सकाळपासून ह्यांनी मनाशी काय झुंज दिली होती ते मला तेव्हा कळलं. पस्तीस वर्षं एकही गाडी चुकीच्या लाइनीवर जाऊ दिली नाही असं सांगणारा माणूस, यार्ड फोडणाऱ्या विमानाला फुलं घालायला निघाला होता, कारण त्याचा मित्र तिथे एकटा उभा होता.

रॉनने विचारलं, काय चाललंय. मी त्याला सांगितलं, हत्याराची पूजा म्हणजे जयजयकार नाही. ते धुवायचं, पुसायचं, आणि आज तुझं काम नाही म्हणायचं. त्याने ऐकून घेतलं. ह्यांच्या हातातल्या पिवळ्या माळेकडे पाहिलं.

"नको, मिस्टर बी," तो म्हणाला. "ह्याला पन्नास वर्षं सुट्टीच आहे. ही माळ दाराची आहे म्हणालात ना?"

"हो. उद्या दसरा. घराच्या दाराला लावतात."

रॉन खाली बसला, तिथल्याच लोखंडी पायरीवर.

"मी टाऊमारुनुईचा आहे. काल तुम्ही बघितलीत ना घरं, त्यातल्या शेवटून दुसऱ्या घरात माझा जन्म झाला. माझे वडील रुळांवर गँगमध्ये होते. प्रत्येक घर सारखं, आणि प्रत्येक घरामागे एक छोटं छप्पर. धुण्याचं आणि संडासाचं." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्या रात्री खाली मोठी छपरं होती आणि प्रत्येकामागे एक छोटं होतं. गोदामामागे संडास कोण बांधतं? आधी दिसलं की नंतर, ते माहीत नाही. पण चहा देऊन विचारणाऱ्या त्या अधिकाऱ्याला गोदामं म्हणालो तेव्हा मला माहीत होतं. मी आमचंच घर ओळखलं होतं."

शेडमध्ये कुठेतरी शाळेची मुलं हसत होती. हे रॉनच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे दुखतात ह्यांचे, तरी बसले.

"वडील कायम होते की रोजंदारीवर?" ह्यांनी विचारलं.

"कायम. चाळीस वर्षं."

"म्हणजे तू रेल्वेचाच," हे म्हणाले.

रॉन रडला. आवाज न करता, तोंड तसंच ठेवून. मी माझ्या पदराशी चाळा करत उभी राहिले.

दसरा

परतीची गाडी सकाळची. मी उपास सोडला तो स्टेशनवरच्या क्रीम भरलेल्या बनावर. देवी माफ करो. ओल्या पंच्यात गुंडाळलेलं तोरण माझ्या मांडीवर होतं. फुलं जरा मलूल झाली होती, पण रंग तसाच होता. आज रॉन खिडकीशी बसला होता. धुकं होतं, नदी धुक्यातून मध्येच दिसायची आणि जायची.

टाऊमारुनुई जवळ आलं तसा रॉन उठला, टोपी घातली आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले. मी पंचा सोडून तोरण त्याच्या हातांवर ठेवलं. इतक्या मोठ्या हातांना इतकं हलकं काही धरायची सवय नसावी. तो ते पाण्याने भरलेलं ताट धरावं तसं धरून उतरला.

"उद्याच्या गाडीने येतो," ह्यांना म्हणाला.

"उद्याची वेळेवर असते का बघ," हे म्हणाले.

गाडी सुटल्यावर आम्ही मागच्या डब्यात गेलो आणि काचेशी उभे राहिलो. रूळ लांबत गेला. त्याच्या कडेने रॉन चालत होता, घरांच्या ओळीबरोबर, हात पुढे धरून. शेवटून दुसऱ्या घराच्या फाटकाशी थांबला. आतून रबरी चपला घातलेली एक तरुण बाई हात पुसत बाहेर आली. तो टोपी काढायला गेला, पण हात मोकळे नव्हते. ती काहीतरी विचारत होती. मग गाडी वळली, आणि मध्ये डोंगर आला.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मेधाने दार उघडलं. तिने ओसरीत रांगोळी काढली होती आणि चौकटीच्या वरती दोन खिळे मारून ठेवले होते.

"आई, तोरण करणार होतीस ना? कुठाय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"लावलं," हे म्हणाले. "आपल्या क्वार्टरला लावलं."